एकच कलम, दोन न्याय

वर्षाखेरीची रात्र, गटारी अमावास्या आणि होळी हे दिवस आले की नवी मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांची नाकाबंदी कडक होते. पामबीच मार्गावर, शीव-पनवेल महामार्गावर, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या वाटांवर वाहने थांबवून चालकांच्या तोंडाशी श्वासपरीक्षेचे यंत्र धरले जाते. दुसऱ्या दिवशी किती मद्यपी चालक पकडले गेले याचा आकडा वृत्तपत्रांत छापून येतो, वाचक समाधानाने मान डोलावतो आणि विषय संपतो. त्या आकड्यातील माणसांचे पुढे काय होते, कोणाच्या वाट्याला कोणता न्याय येतो, याची चौकशी कोणी करीत नाही. ती येथे करावयाची आहे.

अशा एखाद्या नाकाबंदीवर एकामागोमाग उभे असलेले दोन चालक वाचकांनी डोळ्यांपुढे आणावेत. पहिला, बंदरातून भरलेला कंटेनर घेऊन कळंबोलीकडे निघालेला ट्रेलरचालक. दुसरा, मित्रांसह मेजवानी आटोपून परत चाललेला एका बड्या व्यावसायिकाचा मुलगा. दोघांच्याही श्वासात मद्य आढळते आणि यंत्रावरचा आकडाही समजा सारखाच आहे. दोघांना कलम एकच लागते. पण तेथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. दुसऱ्याच्या फोनवरून दहा मिनिटांत वडिलांना आणि वीस मिनिटांत वकिलांना वर्दी जाते. पहिला आपल्या मालकाला फोन लावतो, आणि मालकाला चिंता असते ती माल वेळेवर पोहोचण्याची. कायद्यापुढे सर्व समान आहेत हे राज्यघटनेचे वचन खरे ठरते की खोटे, याचा निकाल न्यायालयाची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी, त्या रात्रीच्या पहिल्या दोन-चार तासांत लागून गेलेला असतो.

एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. दारू पिऊन वाहन हाकणाऱ्याविषयी, मग तो कोणत्याही वर्गातला असो, आम्हांला यत्किंचितही ममत्व नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली. या सर्व मृत्यूंना दारू कारण होती असे नाही. सर्वांत मोठा वाटा अतिवेगाचा आहे. परंतु मरणारे कोण, हे पाहण्यासारखे आहे. मृतांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवरचे होते आणि सुमारे एकपंचमांश पायी चालणारे होते. मोटारीच्या पत्र्याआड बसलेल्यांपेक्षा रस्त्यावर उघड्या अंगाने वावरणारा श्रमिक अधिक मरतो. रस्त्यावरील मृत्यूलाही वर्गीय स्वरूप आहे, हे विधान घोषणेच्या भरात केलेले नाही. शासनाच्याच तक्त्यातून ते निघते.

या स्वरूपाचे सर्वांत भेदक उदाहरण आपल्या शेजारच्या महानगरातच घडले. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. त्या पदपथावर मजूर झोपलेले होते. मुंबईसारख्या शहरात रस्ते बांधणाऱ्यांना रात्री पाठ टेकायला त्याच रस्त्याची कड मिळते. सात माणसे ठार झाली, आठ जखमी झाली. चालक अॅलिस्टर परेरा याच्या रक्तात मद्याचे प्रमाण ०.११२ टक्के, म्हणजे कायद्याने आखलेल्या मर्यादेच्या पावणेचार पट निघाले. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याच्या कलमाखाली त्याला सहा महिन्यांची साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड सुनावला. सात मृत्यू आणि सहा महिने, हे गणित ऐकून महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ती कायम करताना न्यायालयाने असेही नमूद केले की तीन वर्षांची शिक्षा अपुरी आहे, पण ती वाढविण्यासाठी राज्याने अपीलच केलेले नाही. आरोपीच्या बाजूने शेवटच्या पायरीपर्यंत निष्णात वकील उभे होते. मेलेल्या मजुरांच्या बाजूने राज्याने मात्र आणखी एक अर्ज करण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

आता नवी मुंबईच्या नाकाबंदीकडे परत येऊ. कायदा काय म्हणतो हे सामान्य माणसाला सरळ भाषेत क्वचितच सांगितले जाते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असताना वाहन चालविणे किंवा चालविण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. अमली पदार्थाच्या अंमलाखाली वाहनावर ताबा ठेवता येणार नाही अशा स्थितीत असणे, हाही याच कलमाखालील गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे दंड २०१९ च्या दुरुस्तीने वाढले. त्यापूर्वी पहिल्या गुन्ह्याला दंडाची कमाल मर्यादा दोन हजार रुपये होती. याखेरीज कलम २० अन्वये दोषी ठरलेल्याचा वाहन चालविण्याचा अधिकार किमान सहा महिने काढून घेण्याचा आदेश न्यायालयाने द्यावयाचा असतो. लोकांना दंडाचा आकडा ठाऊक असतो. हा सहा महिन्यांचा आदेश ठाऊक नसतो.

पोलिसांना अधिकार आहेत, तशा मर्यादाही आहेत. गणवेशातील पोलीस अधिकारी संशयाला वाजवी कारण असेल तर श्वासपरीक्षा मागू शकतो आणि विनावॉरंट अटकही करू शकतो. पण अटकेनंतर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. ती झाली नाही तर अटक केलेल्यास सोडून दिले पाहिजे, असे कलम २०२ सांगते. परीक्षा देण्यास विनाकारण नकार दिला तर कलम २०५ नुसार तो नकार फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो. म्हणून 'फुंकूच नका' हा पानाच्या ठेल्यावर मिळणारा सल्ला धोक्याचा आहे. हा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन मिळणे ही कोणाची मेहेरबानी नसून आरोपीचा हक्क आहे, आणि जामीनदार मिळत नसलेल्या निर्धनाला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूदही कायद्यात आहे. शेवटची गोष्ट म्हणजे हा गुन्हा रस्त्यावर दंड भरून मिटविता येत नाही. तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढेच जावा लागतो. रस्त्याच्या कडेला 'येथेच मिटवू' असे जो म्हणतो तो दंड मागत नसतो, लाच मागत असतो.

हे सारे न कळल्याने काय होते, याचे एक उदाहरण अलीकडे माझ्या पाहण्यात आले. कळंबोलीत एका परिचिताकडे बसलो असता मराठवाड्यातून आलेला चाळिशीचा एक ट्रेलरचालक तेथे आला. सतरा वर्षे तो बंदराच्या रस्त्यावर अवजड वाहन चालवीत होता. एका सणाच्या रात्री तो पकडला गेला. आपण दारू प्यालो होतो हे तो लपवीत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात नेले. गर्दी मोठी होती. त्याच्यासारखे पन्नास-साठ जण रांगेत होते. बाहेर कोणीतरी त्याला सांगितले की हो म्हणून टाक, दंड भर आणि मोकळा हो. "सर, गुन्हा कबूल आहे का एवढंच विचारलं. मी हात जोडून हो म्हणालो. दोन मिनिटंही लागली नाहीत. दंडाचे पैसे मालकाने पगारातून कापायच्या बोलीवर दिले होते. लायसन सहा महिने जाणार, हे कळलं तेव्हा मी बाहेर आलो होतो."

त्या सहा महिन्यांत त्याने मार्केटमध्ये हमाली केली, बायकोचे मंगळसूत्र गहाण पडले, मुलीची बारावीची शिकवणी सुटली. मालकाने ट्रेलरवर दुसरा चालक बसविला, तो बसविलाच. आपण चूक केली होती हे त्याने मला तीन वेळा सांगितले. त्याची तक्रार शिक्षेबद्दल नव्हती. "कोणी आधी समजावून तरी सांगायचं," एवढेच त्याचे म्हणणे होते.

या माणसाने काही निराळे केले असते का? कदाचित शेवट तोच झाला असता. परंतु वकील असता तर त्याने चार प्रश्न विचारले असते. यंत्राची तपासणी कधी झाली होती? त्याने छापलेली चिठ्ठी कागदपत्रांत आहे का? वैद्यकीय तपासणी मुदतीत झाली का? कागदावर जे लिहिले आहे ते आरोपीला कळेल अशा भाषेत कोणी वाचून दाखविले का? पुराव्याचे हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. १९७१ साली बच्चूभाई हसनअल्ली करयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की तोंडाला येणारा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशन निर्विवाद सिद्ध होत नाही. कलम १८५ तर मोजमापावरच उभे आहे. मोजमाप चुकले तर गुन्हाच उरत नाही. शिवाय कबुलीचे परिणाम वकिलाने त्याला आधी सांगितले असते. स्वतः दिलेल्या कबुलीवरून दोषी ठरलेल्याला वरच्या न्यायालयात शिक्षेच्या प्रमाणाबद्दल वा वैधतेबद्दल दाद मागता येते, दोषी ठरविण्याविरुद्ध सामान्यतः अपील करता येत नाही. आणि त्याच माणसाच्या हातून पुन्हा असा गुन्हा घडला तर आजची दोन मिनिटांची कबुली त्याच्या नावावर पहिला गुन्हा म्हणून उभी असते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. दहा हजार रुपयांचा दंड दोघांनाही सारखाच आहे. वरकरणी ही समता दिसते. पण महिना वीस-बावीस हजारांवर घर चालविणाऱ्याला दहा हजार म्हणजे दोन आठवड्यांची भाकरी, आणि दुसऱ्याला ती त्या रात्रीच्या मेजवानीच्या बिलाएवढी रक्कम. वाहन परवान्याचेही तसेच. धनिकाच्या मुलाचा परवाना सहा महिने गेला तर त्याच्या घरी पगारी चालक ठेवला जातो. ट्रेलरचालकाचा परवाना हेच त्याचे भांडवल, तेच त्याचे शेत आणि तोच त्याचा विळा. म्हणजे एकाची सोय जाते आणि दुसऱ्याचे उत्पादनाचे साधन जाते. उत्पन्नाशी प्रमाण ठेवून दंड आकारण्याची पद्धत जगात नाही असे नव्हे. फिनलंडमध्ये १९२१ पासून दिवसाच्या कमाईच्या हिशेबाने दंड ठरविला जातो आणि मद्यपी चालकांनाही तोच न्याय लागू आहे. आपल्याकडे २०१९ ची दुरुस्ती करताना दंड पाचपट करण्याचा उत्साह दिसला, तो कोणावर किती पडेल याचा विचार मात्र दिसला नाही. उलट, पूर्वी 'दोन हजारांपर्यंत' असे म्हणून न्यायाधीशाच्या तारतम्याला ठेवलेली जागाही नव्या शब्दरचनेने काढून घेतली.

दुसऱ्या चालकाचे काय होते ते आता पाहू. मद्याविषयी एक शास्त्रीय सत्य आहे: ते रक्तात थांबून राहत नाही. साधारणतः ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास ते उतरत जाते. रक्तात ६० मिलिग्रॅम असलेला मनुष्य दोन-अडीच तास तपासणीबाहेर राहिला तर मर्यादेच्या आत येतो. म्हणून या गुन्ह्यात वेळ हाच पुरावा असतो, आणि ज्याच्याजवळ पैसा असतो त्याला वेळ विकत घेता येतो. ७ जुलै २०२४ रोजी मुंबईत वरळीला मासळी घेऊन परतणाऱ्या कोळी दांपत्याच्या दुचाकीला एका उंची मोटारीने धडक दिली आणि पत्नीचा बळी घेतला. जो चालवीत होता असा पोलिसांचा आरोप आहे, तो दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनी काढलेले रक्त त्या पहाटेविषयी काय सांगणार? त्याच वर्षी १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला आणि एक अट घातली ती अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. आरोप सिद्ध व्हावयाचे ते न्यायालयात होतील. परंतु लोकक्षोभ उसळला नसता तर तो नमुना पुन्हा कोणी तपासला असता काय, हा प्रश्न त्यासाठी थांबून राहत नाही.

तेव्हा एकीकडे कायद्याचे ज्ञान नसल्याने दोन मिनिटांत निकालात निघणारा माणूस आहे, आणि दुसरीकडे ज्ञान, ओळख व पैसा यांच्या बळावर कायद्यालाच ताटकळत ठेवणारा माणूस आहे. यावर काही सज्जन म्हणतील की मग कायदा आणखी कडक करा. आम्हांला हा उपाय अपुरा वाटतो. शिक्षा वाढली की पळवाटेची किंमत वाढते. ती देण्याची ऐपत ज्याची असते त्याच्यावर वाढीव शिक्षेचा परिणाम होत नाही, आणि ज्याची नसते त्याच्यावर ती दुप्पट जोराने कोसळते. आवश्यकता आहे ती दोघांनाही एकाच वेगाने आणि एकाच उजेडात कायद्यासमोर आणण्याची. त्यासाठी गरिबाच्या शेजारी पहिल्या तासापासून वकील उभा असला पाहिजे.

हा काही दयेचा प्रश्न नाही. तो घटनादत्त हक्क आहे. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २२ ने प्रथमपासूनच दिला आहे. १९७६ साली, देशभर नागरी स्वातंत्र्याची गळचेपी चाललेली असताना झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, इतर अनेक आक्षेपार्ह कलमांबरोबर एक चांगले कलम घटनेत घातले. ते अनुच्छेद ३९-अ, म्हणजे मोफत विधी साहाय्याचे. आणीबाणी गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्यात प्राण भरला. १९७८ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग असल्याचे सांगितले. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणाने बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचे वास्तव देशापुढे आणले. १९८१ च्या खत्री प्रकरणात न्यायालयाने म्हटले की हे साहाय्य आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम उभे करतानाच मिळाले पाहिजे. १९८६ च्या सुकदास प्रकरणात तर आरोपीने वकील मागितला नव्हता ही सबबच न्यायालयाने अमान्य केली. ज्याला हक्क ठाऊकच नाही तो मागणार कसा, हा त्यामागचा साधा विचार होता. कळंबोलीच्या त्या चालकाची तक्रार अगदी हीच होती, आणि तिला सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे.

यातूनच विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आला आणि १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला कोणीही माणूस आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले नागरिक मोफत वकिलाचे हक्कदार आहेत. 'कोठडीत असलेला' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. त्याला उत्पन्नाची अट नाही. अटक आणि रिमांडच्या टप्प्यावर साहाय्य देण्याची कार्यपद्धती राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१९ साली घालून दिली, आणि आता अनेक जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयेही काम करीत आहेत. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर याच साहाय्यासाठी आहे. नवी मुंबईच्या बाबतीत एक अडचण ध्यानात घ्यावी: पोलीस आयुक्तालय एक असले तरी जिल्हे दोन आहेत. ऐरोली ते बेलापूर या पट्ट्यातील माणसाला ठाणे जिल्हा प्राधिकरणाकडे, तर खारघर, कळंबोली, पनवेल, उरणच्या माणसाला रायगड जिल्हा प्राधिकरणाकडे जावे लागते. या सीमारेषेवर अनेकांची एक दिवसाची मजुरी बुडते. कोणत्याही न्यायालयात 'मला वकील नाही, विधी सेवेतून वकील द्यावा' असे स्पष्ट शब्दांत न्यायाधीशांना सांगता येते. वकील भेटेपर्यंत कबुली न देणे हा उद्धटपणा नाही, तो हक्क आहे.

एक आक्षेप आम्हांला ऐकू येतो आहे. मद्यपी चालकाला वकील मिळवून देणे हे समाजवाद्यांचे काम आहे काय? पदपथावर मेलेल्या मजुरांची बाजू घ्यावयाची की त्यांना चिरडू शकणाऱ्याची? याचे उत्तर असे की वकील देणे म्हणजे सुटका देणे नव्हे. ज्याच्यावर खटला नीट चालला आहे त्याचीच शिक्षा समाजाला मान्य होते. आणि विधी साहाय्य हे आरोपीपुरते नसते. चिरडलेल्या माणसाच्या विधवेलाही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाण्यासाठी त्याच कायद्याखाली वकील मिळतो. स्त्री म्हणून तिला उत्पन्नाची अट नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. किती कुटुंबांना हे ठाऊक असते? अज्ञानाची ही पोकळी नाकाबंदीवरच्या चालकाला आणि पदपथावरच्या मजुराला सारखीच गिळते. ती बुजविणे हे समाजवाद्यांचेच काम आहे.

आणखी दोन पक्षकार या खटल्यात कधीच उभे राहत नाहीत. पहिला मालक. चालकाला दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा कायद्याने १९६१ सालीच घालून दिली. बंदराच्या रांगेत रात्र काढून, गाडीतच झोपून, पुन्हा दिवसभर वाहन हाकणाऱ्याला ती मर्यादा कागदावरच भेटते. थकवा मारण्यासाठी घेतलेला घोट हा गुन्हा आहेच. पण तो थकवा ज्याच्या नफ्यात जमा झाला त्याच्यापर्यंत कोणतेही कलम पोहोचत नाही. दुसरा पक्षकार शासन. मद्यावरील उत्पादन शुल्क ही राज्याच्या तिजोरीची मोठी आवक आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत असा आदेश दिला, तेव्हा रस्त्यावरील जिवांपेक्षा बुडणाऱ्या महसुलाची चर्चा देशभर अधिक झाली, आणि २०१७ सालीच शहरी हद्दींना त्यातून सूट मिळाली. एका हाताने परवाना द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने यंत्र तोंडाशी धरावयाचे, हा व्यवहार शासनाने निदान उघडपणे मान्य करावा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. नाकाबंदीवर पकडलेल्या प्रत्येकाच्या हाती मराठी आणि हिंदीतून छापलेला एक कागद द्यावा. त्यात गुन्हा, शिक्षा, परवान्यावरील परिणाम, जामिनाचा हक्क आणि १५१०० हा क्रमांक असावा. विशेष मोहिमेच्या रात्री पोलीस ठाण्यांशी संलग्न विधी सेवा वकील नेमावेत आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात त्यांची हजेरी असावी. कबुली नोंदविण्यापूर्वी परवान्याबाबतचा परिणाम आरोपीला त्याच्या भाषेत सांगितला गेला, अशी नोंद व्हावी. जेथे माणूस मेला वा जखमी झाला असेल तेथे रक्ताचा नमुना घेतल्याची वेळ आणि त्याचा प्रवास मृताच्या वारसांना पाहता यावा. दंड उत्पन्नाशी जोडण्याचा विचार संसदेने करावा. आणि माथाडी, वाहतूक व बंदर कामगारांच्या संघटनांनी शासनाची वाट न पाहता, आपल्या सभासदांना व्यसनमुक्तीची शिकवण आणि कायद्याची माहिती एकाच बैठकीत द्यावी. जी संघटना बोनससाठी लढते तिने सभासदाचा परवाना आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या श्रमिकाचा जीव या दोन्हींसाठी लढले पाहिजे.

पुढची नाकाबंदी लवकरच येईल. त्या रांगेत पुन्हा ते दोघे असतील. दारू न पिता दोघेही घरी पोहोचले तर याहून चांगले काही नाही. पण पकडले गेलेच, तर दोघांचे रक्त एकाच मुदतीत तपासले जावे, दोघांच्याही शेजारी वकील असावा आणि दोघांनाही कायदा त्यांना समजेल अशा भाषेत सांगितला जावा. एवढे झाले म्हणजे समता आली असे आम्ही म्हणणार नाही. एवढेही होत नसेल तर मात्र न्यायालयाच्या भिंतीवर समतेचा उल्लेख करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.